यंत्राची साक्ष

ज्याने दोष दाखविला त्यालाच दोषी धरावे, की त्याचे म्हणणे खरे मानून दोष अन्यत्र शोधावा, हा प्रश्न न्यायालयाइतकाच घरातही नित्य उपस्थित होत असतो. परंतु घरात आणि न्यायालयात त्याच्याभोवती रागलोभाचे धुके इतके दाट असते की त्याचे मूळ रूप सहसा दृष्टीस पडत नाही. जेथे राग नाही, लोभ नाही, नाते नाही, अशा एखाद्या निर्जीव वस्तूच्या उदाहरणावरून तो तपासून पाहिला तर विचार अधिक स्वच्छ होईल असे आम्हांस वाटते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही मोटारीच्या इंजिनातील ‘सेन्सर’ नावाच्या एका लहानशा भागाचा विचार करणार आहोत. विषय गॅरेजातला आहे खरा. तथापि गॅरेजात नीतीचे प्रश्न उद्भवत नाहीत, असे वाचकांनी समजू नये.

पूर्वीच्या मोटारीत पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करीत असे आणि ते बरोबर होते की नाही हे मिस्त्री कानाने ऐकून व धुराचा रंग पाहून ठरवी. 1967 साली जर्मनीतील बॉश कंपनीने फोक्सवॅगनच्या मोटारीसाठी विद्युत्-नियंत्रित इंधनपुरवठ्याची पद्धत बाजारात आणली आणि 1976 साली व्होल्वोच्या मोटारीत, जळून बाहेर पडणाऱ्या वायूत प्राणवायू किती उरला हे सांगणारा सेन्सर प्रथम बसला. पुढे प्रदूषणाचे निर्बंध जसजसे कडक झाले तसतसा कार्ब्युरेटर मागे पडत गेला. भारतात 1 एप्रिल 2020 पासून ‘भारत स्टेज 6’ हे मान सर्वत्र लागू झाले. त्यानंतरच्या मोटारीत मिश्रणाचा कारभार संपूर्णपणे संगणकाच्या हाती असतो. एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळावयास वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते; हे प्रमाण सेकंदासेकंदाला सांभाळणे हे या संगणकाचे मुख्य काम.

आता या संगणकाची स्थिती मोठी चमत्कारिक आहे. तो एका बंद पेटीत असतो. इंजिन त्याने कधी पाहिलेले नाही. त्याचा आवाज तो ऐकत नाही, उष्णता त्याला लागत नाही. हस्तिनापुरात बसून कुरुक्षेत्राची वार्ता ऐकणाऱ्या धृतराष्ट्रासारखे त्याचे सारे ज्ञान दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून आहे. धृतराष्ट्राला एक संजय होता, याला अनेक आहेत. एक पाण्याची उष्णता सांगतो, एक आत येणारी हवा मोजतो, एक मागील नळीतील प्राणवायूची खबर देतो, तर एक इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, या क्षणी कोठे आहे हे कळवितो. यांपैकी एकाचे म्हणणे विसंगत वाटले, की संगणक त्याची नोंद करून चालकासमोरचा पिवळा दिवा लावतो. येथपर्यंत यंत्राचे काम. येथून पुढे मनुष्याचे.

एक उदाहरण कल्पू. जळगावहून धुळ्यास जाणारा रस्ता बांभोरीजवळ गिरणा ओलांडून पाळधी, एरंडोल, पारोळा असा जातो. अंतर शंभर किलोमीटरांच्या आत. वैशाखातील दुपार, आणि खानदेशातला वैशाख म्हणजे काय हे तेथे राहिलेल्यास सांगावयास नको. अशा वेळी एखादी दोन आसनांची, जमिनीलगत बसकी, शर्यतीच्या घाटणीची परदेशी मोटार या रस्त्याने निघाली आहे. तिचे इंजिन आसनांच्या मागे, अगदी अडचणीच्या जागेत कोंबलेले. वारा तेथे जेमतेम पोहोचतो. पारोळा मागे पडल्यावर गाडी कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडते. पाऊण तासाने, किल्ली फिरविताच, जणू काही घडलेच नाही अशी पुन्हा सुरू होते. सायंकाळी धुळ्याच्या गॅरेजात ती उभी केली तेव्हा तिच्यात काडीचाही दोष दिसत नाही. मिस्त्री स्कॅनर लावतो. पडद्यावर नोंद उमटते, ‘क्रँकच्या सेन्सरकडून संदेश नाही.’

या ठिकाणी शंभरांपैकी बहुतेक जण म्हणतील की निदान झाले: सेन्सर खराब आहे, बदला. परंतु नोंदीचे शब्द पुन्हा वाचावे. सेन्सर बिघडला, असे ती म्हणत नाही. संदेश आला नाही, एवढेच म्हणते. संदेश न येण्यास कारणे निदान तीन. साक्षीदारच मुका झाला असेल. किंवा साक्षीदार बोलत असून त्याचा निरोप वाटेत हरवत असेल. किंवा ज्याविषयी साक्ष द्यावयाची ती वस्तूच बिघडली असेल. क्रँकवर दात्यांचे एक लोखंडी चक्र असते. पुष्कळ इंजिनांत साठ दात्यांच्या जागांपैकी दोन मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या असतात. प्रत्येक दाता सेन्सरसमोरून गेला की विजेचा एक ठोका उमटतो आणि रिकामी जागा आली की संगणकास फेऱ्याचा आरंभ कळतो. मिनिटाला सहा हजार फेरे फिरणाऱ्या इंजिनात असे सुमारे 5800 ठोके दर सेकंदाला मोजले जातात. हे ठोके थांबले की ठिणगी केव्हा टाकावी आणि पेट्रोल केव्हा सोडावे हे संगणकास समजत नाही आणि तो दोन्ही थांबवितो. परंतु ठोके थांबण्याचे कारण सेन्सरमधील तारेचे वेटोळे असू शकते, कपलरमध्ये चढलेला गंज असू शकतो, उंदराने कुरतडलेली वायर असू शकते, अथवा चक्रावर चिकटलेला लोखंडाचा कीसही असू शकतो. पडद्यावरची अक्षरे या चारही प्रसंगी एकच.

धुळ्याचे नाव निघाले असता तेथील एका थोर पुरुषाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच अंत झाला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्या गावी उभे आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या त्यांच्या खंडमालेचा पहिला खंड 1898 साली निघाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींची जी परीक्षा केली तिने मराठी इतिहासलेखनाला निराळे वळण लागले. मागाहून रचलेली बखर आणि घटनेच्या वेळी लिहिलेले पत्र यांस एकाच तागडीत घालता येत नाही, हे त्या परीक्षेचे मर्म. साक्ष कोणाची, ती घटनेच्या किती जवळची, आणि ती आपल्या हाती येईपर्यंत किती हातांतून गेली, हे विचारल्यावाचून तिचे मोल ठरत नाही. इतिहासकाराने कागदास जे प्रश्न विचारावयाचे तेच गॅरेजातील मिस्त्रीने पडद्यावरील नोंदीस विचारावयाचे आहेत. दोघांचे काम एकच: साक्षीदारास न रागावता, न भाळता, तपासणे.

आमच्या उदाहरणातील मिस्त्री जाणता असेल तर तो असे करील. गाडी थंड असताना दोष दिसत नाही आणि तापल्यावर दिसतो, तेव्हा उष्णता हे लक्षणातच गोवलेले आहे, हे तो प्रथम ध्यानात घेईल. सेन्सर तारेच्या वेटोळ्याच्या जातीचा असेल तर मल्टिमीटर लावून तो त्याचा विद्युत्-रोध मोजील. थंड सेन्सरचे माप ठीक आले म्हणून तो तेथे थांबणार नाही. केस वाळविण्याच्या यंत्रासारख्या गरम हवेच्या झोताने तो फक्त सेन्सर तापवील, वायर थंड ठेवील. नंतर वायर तापवून व हलवून पाहील, सेन्सर थंड ठेवील. सेन्सर तापताच माप अनंताकडे गेले आणि निवताच पूर्ववत् झाले, तर आत केसाएवढी भेग आहे, ती उष्णतेने फाकते व थंडीने मिटते, हे सिद्ध झाले. आपल्या नैयायिकांनी यास अन्वय-व्यतिरेक म्हटले आहे: कारण असता कार्य असणे आणि कारण नसता कार्य नसणे, ही दोन्ही अंगे दाखविल्यावाचून कार्यकारणसंबंध मान्य करावयाचा नाही. या प्रसंगी साक्षीदार खरोखर दोषी ठरला आणि त्यास बदलणे न्याय्य झाले. तरी तो दोषी ठरला तो चौकशीने, आळाने नव्हे.

उलट बाजूचे उदाहरणही तितकेच नित्याचे आहे. प्राणवायूचा सेन्सर सांगतो की मिश्रणात हवा फार झाली. पडद्यावर त्याचे नाव दिसते म्हणून त्यालाच काढून नवा बसवितात. जुनी नोंद पुसल्यामुळे दिवा विझतो, गिऱ्हाईक समाधानाने पैसे देते आणि चार-आठ दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. कारण हवा खरोखरच फार होती. आत येणाऱ्या हवेच्या रबरी नळीस उन्हाने तडा गेला होता आणि न मोजलेली हवा त्यातून शिरत होती. सेन्सर अक्षरशः खरे बोलत होता. खरे बोलल्याबद्दल त्यास पदच्युत केले आणि त्याच्या जागी जो आणला त्यानेही तेच सांगितले. निर्जीव वस्तूच्या बाबतीत यास आपण ‘फुकट गेलेला खर्च’ म्हणतो. माणसाच्या बाबतीत यासच अन्याय म्हणतात.

येथे कोणी व्यवहारी वाचक आक्षेप घेईल: चार तास शोध करण्यापेक्षा भाग बदलून पाहणे स्वस्त पडत असेल तर त्यात वावगे काय? आक्षेप विचारार्ह आहे. आयुर्वेदाने रोगज्ञानाची जी पाच साधने सांगितली, म्हणजे निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती, त्यांत उपशयाचा अंतर्भाव आहे. आणि उपशय म्हणजे औषध देऊन पाहून त्याच्या परिणामावरून रोग ओळखणे. लक्षणे गूढ असतील तेथे हा मार्ग आपल्या पूर्वजांनी शास्त्रशुद्ध मानला आहे. तेव्हा भाग बदलून पाहणे हेही प्रसंगविशेषी निदानच होय. मात्र त्यास दोन अटी आहेत. एक, परिणाम पाहावयास थांबले पाहिजे; दिवा विझला एवढ्यावर समाधान न मानता, ज्या उन्हात व ज्या रस्त्यावर दोष दिसला त्याच उन्हात त्याच रस्त्यावर गाडी नेऊन पाहिली पाहिजे. दुसरी, ‘हा आमचा तर्क आहे, खात्री नव्हे’ असे मालकास आधी सांगितले पाहिजे. तर्क करणे हा अपराध नव्हे; तर्काला निश्चयाच्या भावाने विकणे यात मात्र फसवणूक आहे. परदेशी गाडीचा भाग जळगाव-धुळ्याच्या दुकानात मिळत नाही. तो मुंबईहून, कित्येकदा समुद्रापलीकडून, मागवावा लागतो. त्या ठिकाणी चुकलेल्या तर्काचा भुर्दंड मालक पैशांनी आणि काही आठवड्यांनी भरतो, तर्क करणारा भरत नाही. ज्याच्या चुकीचा दंड दुसरा भरतो त्याने बोलताना अधिक जपले पाहिजे, हा नियम वैद्यास लागू आहे, वकिलास लागू आहे आणि मिस्त्रीसही लागू आहे.

पण सगळा दोष मिस्त्रीच्या माथी मारून मालकाने नामानिराळे राहावे, हेही आम्हांस मान्य नाही. दोन बिले समोर ठेवून पाहावी. एकात लिहिले आहे, ‘नवा सेन्सर, बसविण्याची मजुरीसह.’ दुसऱ्यात लिहिले आहे, ‘चार तास शोध, तुटलेली वायर जोडली.’ पहिले बिल मोठे असूनही सुशिक्षित गृहस्थ ते निमूटपणे देतो, कारण चकचकीत डबीतली वस्तू त्यास दिसते. दुसरे लहान असूनही तो कपाळाला आठ्या घालतो: एक वायर जोडावयास एवढे? वायर जोडावयास दहा मिनिटेच लागली हे खरे. परंतु कोणती जोडावयाची हे कळावयास चार तास लागले, आणि मोल त्या चार तासांचे आहे. वस्तूची किंमत द्यावयाची, बुद्धीची द्यावयाची नाही, असा ज्या समाजाचा रिवाज, तेथे बुद्धी वापरणारे कारागीर हळूहळू नाहीसे होतात आणि वस्तू बदलणारे तेवढे उरतात. मग त्याच समाजाने कारागिरांच्या अप्रामाणिकपणाविषयी हळहळ व्यक्त करावी, हे हास्यास्पद होय. प्रामाणिक निदान ही दोघांनी मिळून सांभाळावयाची वस्तू आहे: एकाने खरे सांगण्याचे धैर्य दाखवावे, दुसऱ्याने ‘अद्याप सापडले नाही’ हे उत्तर ऐकून घेण्याचा धीर ठेवावा.

हा सारा ऊहापोह एका दिव्यापुरता आणि चार नोटांपुरता आहे असे वाटत असेल तर अलीकडच्या इतिहासातील एक भीषण प्रकरण आठवावे. 29 ऑक्टोबर 2018 रोजी इंडोनेशियात लायन एअरचे बोइंग 737 मॅक्स जातीचे विमान जाकार्ताहून निघून समुद्रात कोसळले. 189 माणसे गेली. 10 मार्च 2019 रोजी इथिओपियात त्याच जातीचे दुसरे विमान कोसळले; 157 गेली. या विमानांत, वाऱ्याशी होणारा कोन मोजणारे दोन सेन्सर होते. परंतु नाक खाली दाबणारी जी स्वयंचलित यंत्रणा होती ती एका वेळी त्यांपैकी एकाचेच ऐके. तो एक खोटे बोलला आणि यंत्रणा वैमानिकांच्या हातांशी झगडत वारंवार नाक खाली दाबीत राहिली. इंडोनेशियातील चौकशीत जे उघड झाले ते आमच्या विषयाशी फारच निगडित आहे. अपघाताच्या आदल्याच दिवशी जुना सेन्सर काढून दुसरा बसविलेला होता. हा दुसरा पूर्वी दुरुस्त होऊन आलेला, आणि त्याचे माप सुमारे 21 अंशांनी चुकलेले होते. बसविल्यानंतर करावयाची परीक्षा योग्य रीतीने झाल्याचे दिसून आले नाही. साक्षीदार बदलला, नवा साक्षीदार जुन्यापेक्षा विश्वसनीय आहे की नाही हे कोणी तपासले नाही. नवे म्हणजे निर्दोष, ही समजूत त्या दिवशी फार महाग पडली.

याच्या उलट, सामान्य मोटारीतील एक व्यवस्था आम्हांस नैतिक दृष्टीने विशेष मननीय वाटते. एखाद्या सेन्सरविषयी संगणकास संशय आला, परंतु इंजिन चालविणे अगदीच अशक्य झाले नाही, तर तो गाडी जागच्या जागी बंद करीत नाही. आणि काही झालेच नाही अशा थाटात पूर्ण वेगानेही धावू देत नाही. संशयित साक्ष तो बाजूला ठेवतो, तिच्या जागी एक बेताचे, सावध माप गृहीत धरतो, इंजिनाचे बळ मर्यादित करतो आणि गाडीला मंदगतीने का होईना घरापर्यंत पोहोचू देतो. शर्यतीसाठी घडविलेली मोटार अशा वेळी बैलगाडीच्या विनयाने चालू लागते. मालकास याचा संताप येतो. आमच्या मते त्याने आदर बाळगावा. ज्ञान संशयित असता कृती आवरावी, हा जो विवेक मोठमोठ्या मुत्सद्द्यांस साधत नाही, तो त्या पेटीत कोणा अज्ञात अभियंत्याने घालून ठेवला आहे. विमानातील यंत्रणेजवळ नेमका हाच विवेक नव्हता. एका साक्षीवर ती पूर्ण बळाने चालून गेली.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. कुटुंबातही सेन्सर असतात. मुलगा शाळेत जावयास नको म्हणतो. नवी सून स्वयंपाकघरात बोलेनाशी होते. म्हातारे वडील एकाएकी चिडखोर होतात. घरात वर्षानुवर्षे कामास असलेली बाई एके दिवशी पैशांवरून स्पष्ट बोलते. हे सर्व दिवे लागलेले असतात. आपण बहुधा काय करतो? मुलास आळशी, सुनेस घुमी, म्हाताऱ्यास हट्टी आणि बाईस उर्मट ठरवितो. म्हणजे नोंदीत ज्याचे नाव आले त्यालाच दोष चिकटवितो. मुलाला शाळेत कोणी छळते काय, सुनेचे शब्द वाटेतच कोणी अडविते काय, वडिलांचे कान किंवा डोळे मंदावले काय, बाईची मागणी रास्त आहे काय, हे शोधण्यास चार तास लागतात आणि ते आपणांजवळ नसतात. दटावणीने दिवा विझतो खरा. परंतु ती केवळ नोंद पुसणे होय. तडा गेलेली नळी तशीच राहते, आणि पुढच्या वेळी दिवा लागेलच असा भरवसा नाही. कारण माणूस यंत्राप्रमाणे प्रत्येक वेळी बोलत नाही. दोनदा पुसल्यावर तो गप्प बसावयास शिकतो. यंत्राहून मनुष्याचे प्रकरण बिकट आहे ते याच कारणाने.

मात्र याचा अर्थ, तक्रार करणारा नेहमी खराच असतो, असा कोणी घेऊ नये. पारोळ्याच्या उन्हात मुका झालेला सेन्सर खरोखरच फुटका होता. तक्रारीवर अंधविश्वास ठेवणे हीदेखील तपासणी टाळण्याचीच एक रीत आहे. किंबहुना ती अधिक सोयीची, कारण तिच्यात औदार्याचा भास होतो. साक्षीदाराचा खरा मान त्याचे म्हणणे तपासण्याच्या योग्यतेचे मानण्यात आहे. ते लगेच पटवून घेण्यानेही तो राखला जात नाही आणि उडवून लावण्यानेही नाही.

मनुष्याच्या ठायी ज्याला आपण सदसद्विवेकबुद्धी म्हणतो ती या सर्व साक्षीदारांत मुख्य; आणि तिच्याविषयी न्यायाधीश, फिर्यादी व आरोपी आपण स्वतःच असतो, म्हणून तेथे नोंद पुसण्याचा मोह सर्वांत प्रबळ असतो. टोचणी लागली की आपण तिला भाबडेपणा, जुने संस्कार किंवा मनाचा दुबळेपणा अशी नावे देऊन साक्षीदारच नालायक ठरवितो. कधी कधी ती टोचणी खरोखरच निराधार असते, हेही खरे. परंतु ती निराधार आहे की नाही याचा निर्णय, जी गोष्ट करावयाची घाई झाली आहे त्या घाईत करावयाचा नसतो. जोवर चौकशी पुरी झाली नाही तोवर वेग कमी करावा आणि दिवा लागलेला असू द्यावा.